संस्थेच्या संचालकाला नेमकं काय शिकवायचं?

वंचित समूहांसोबत काम करणाऱ्या संस्थांच्या संचालकांसाठी ‘नेतृत्व प्रशिक्षण’ म्हटलं की साचा ठरलेला असतो. दोन-तीन दिवसांची निवासी कार्यशाळा, बलस्थानं लिहायचा कागद, एखादा खेळ आणि शेवटी फीडबॅक फॉर्म. फॉर्मवर सगळे छानच लिहितात, कारण कित्येक महिन्यांनी कुणीतरी त्यांना फोन बाजूला ठेवून बसू दिलेलं असतं. परत गेल्यावर टेबलावर तेच वाट पाहत असतं: अनुदानाचा अडकलेला हप्ता, राजीनामा देऊ पाहणारा जुना कार्यकर्ता, ट्रस्टींच्या सहीसाठी थांबलेला ठराव. अभ्यासक्रम या टेबलावरूनच उचलावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. संचालकाने आपल्याच संस्थेचे कागद घेऊन यावं आणि दुरुस्त करून परत न्यावेत.

त्यासाठी सलग तीन दिवसांपेक्षा नऊ-दहा महिने महिन्यातून एक दिवस बरा. बॅच १२ ते १५ जणांची. त्याहून मोठी झाली की मागच्या रांगेतले गप्प बसतात, आणि बहुधा त्यांच्याच संस्था जास्त अडचणीत असतात.

सुरुवात पैशापासून करावी. ‘व्हिजन’पासून केली तर पहिला दिवस गोड जातो एवढंच. पहिल्या दिवशी प्रत्येकाने एकच गणित मांडायचं. समजा बँकेत १०० आहेत. त्यातले ७८ वेगवेगळ्या प्रोजेक्टना बांधलेले, म्हणजे त्या-त्या कामावरच खर्च करता येणारे; मोकळे उरले २२. कोणत्याही प्रोजेक्टमधून न निघणारा महिन्याचा खर्च (कार्यालयाचं भाडं, हिशेबनिसाचा पगार, संचालकाचं अर्धं मानधन) ९ असेल, तर ही संस्था स्वतःच्या जिवावर जेमतेम अडीच महिने उभी राहू शकते. बँकेतली शिल्लक बघून निर्धास्त असलेल्या अनेकांना हा आकडा पहिल्यांदाच दिसतो. राखीव निधी तीन ते सहा महिन्यांचा असावा असं सर्रास सांगितलं जातं. पण ज्याच्याकडे तीन आठवड्यांचाही नाही, त्याला सहा महिन्यांचं लक्ष्य दिलं तर तो ते मनावरच घेत नाही. त्याला आधी एका महिन्याचं द्यावं.

मग १३ आठवड्यांचा रोख तक्ता. आडवे आठवडे, उभ्या नोंदी: सुरुवातीची शिल्लक, येणारे पैसे, जाणारे पैसे, अखेरची शिल्लक. चूक जवळजवळ नेहमी ‘येणारे पैसे’ या ओळीत होते. निधी देणारा फंडर फोनवर ‘होऊन जाईल’ म्हणाला की रक्कम जमेत धरली जाते. ही ओळ तीन भागांत फोडायची: खात्यात आलेले, करारावर सही झालेले, नुसते बोललेले. तिसऱ्या भागातला एक पैसाही बेरजेत घ्यायचा नाही. दुसरी चूक म्हणजे ऑडिट फी, विमा, नोकरी सोडणाऱ्याची देणी असे वर्षातून एकदाच येणारे खर्च विसरले जातात. तिसरी सगळ्यांत घातक. पगार थकू नयेत म्हणून एका प्रोजेक्टचे बांधलेले पैसे ‘तात्पुरते’ दुसरीकडे वळवायचे. हेतू चांगला असतो, पण खर्चाचा अहवाल द्यायची वेळ येते तेव्हा खड्डा उघडा पडतो आणि संस्थेची पत जाते.

प्रशासनाचा खर्च लपवण्याची सवयही याच दिवशी मोडावी. प्रस्तावात तो नगण्य दाखवला की फंडरला तेवढाच पुरतो असं वाटतं, पुढच्या वर्षी तो आणखी कमी देतो, आणि संस्था आतून वाळत जाते. इंग्रजीत याला ‘स्टार्व्हेशन सायकल’ म्हणतात. उपाय कंटाळवाणा आहे. महिनाभर सगळ्यांची टाइमशीट ठेवायची, कुणाचे किती तास कोणत्या कामाला गेले ते काढायचं आणि त्या प्रमाणात सामाईक खर्च प्रत्येक प्रोजेक्टच्या बजेटमध्ये वाटायचा.

दर महिन्याच्या दोन दिवसांच्या मधल्या काळात बॅचमधल्या पाच-सहा संचालकांचे छोटे गट दीड-दोन तास भेटतात. ही पद्धत रेग रेव्हन्स यांनी १९४०च्या दशकात ब्रिटनमधल्या कोळसा खाणींच्या व्यवस्थापकांसोबत घडवली. तिला ‘ॲक्शन लर्निंग’ म्हणतात. एका बैठकीत दोघांना, प्रत्येकी ४५ मिनिटं. १० मिनिटं तो आपला प्रश्न मांडतो, २५ मिनिटं बाकीचे फक्त प्रश्न विचारतात, उरलेल्या १० मिनिटांत तो पुढच्या भेटीपर्यंत काय करणार ते लिहून वाचून दाखवतो. सल्ला द्यायचा नाही. इथेच गाडी घसरते. “तुम्ही ट्रस्टींशी बोलून का नाही बघत?” याच्या शेवटी प्रश्नचिन्ह असलं तरी तो सल्लाच. “ट्रस्टींना हे कळलं तर काय होईल असं तुम्हाला वाटतं?” हा प्रश्न. पहिल्या दोन-तीन बैठकींत सूत्रधाराने प्रत्येक वेळी टोकावं लागतं, भीड ठेवून चालत नाही. आणि या खोलीत फंडरचा माणूस नको, अगदी ‘निरीक्षक’ म्हणूनही नको. एकाच फंडरच्या निधीवर चालणाऱ्या दोन संस्था एका गटात टाकल्या तरी कुणी मोकळं बोलत नाही.

ट्रस्टींबाबत जास्त शिकवायची गरज नसते. संस्थेच्या आर्थिक स्थितीचा गोषवारा बैठकीच्या सात दिवस आधी पोचावा, तो एकाच पानाचा असावा, आणि संचालकाचं वार्षिक मूल्यमापन लेखी व्हावं. एवढं झालं तरी पुष्कळ.

लोकांच्या सहभागावर मात्र पूर्ण दिवस द्यावा. शेरी अर्न्स्टाइन यांनी १९६९मध्ये सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तळाला लोकांना नुसतं वापरून घेणं, माथ्यावर सगळं नियंत्रण लोकांच्या हाती. ‘सल्लामसलत’ येते चौथ्या पायरीवर. प्रत्येकाने आपल्या संस्थेचे गेल्या वर्षातले तीन मोठे निर्णय या शिडीवर ठेवायचे. वस्तीची बैठक घेतली, सह्या घेतल्या, पण बजेट आधीच मंजूर होतं, असे निर्णय बरेच निघतात. समितीत वस्तीतले दोन जण घेतले म्हणजे झालं, हाही समज टिकत नाही. ती पाचवी पायरी, बोळवण करण्याची. त्या दोघांना बुडालेल्या दिवसाची मजुरी मिळते का, बैठक कामाच्या वेळेत तर नाही ना, कागद आदल्या दिवशी कुणी त्यांच्या भाषेत वाचून दाखवतं का, ते तपासावं.

त्याच समूहातून वर आलेल्या संचालकांची अडचण वेगळी. वस्ती त्यांना पाठ असते, फंडरची भाषा अडवते. ‘आउटकम’ (कामामुळे लोकांच्या आयुष्यात झालेला बदल), ‘लॉगफ्रेम’ (उद्दिष्टं, कामं आणि ती मोजायच्या खुणा यांचा तक्ता) हे शब्द पहिल्याच दिवशी साध्या भाषेत फोडून सांगितले नाहीत तर ही माणसं स्वतःलाच कमी समजू लागतात. प्रवासखर्च, मुलं सांभाळायची सोय आणि त्या दिवशी संस्थेत काम बघणाऱ्याचं मानधन हे सगळं प्रशिक्षणाच्या बजेटमध्येच हवं.

पाचव्या महिन्यात रजेची कसोटी घ्यावी. आधी दोन आठवडे संचालकाने निर्णयांची वही ठेवायची: काय ठरवलं, दुसऱ्या कुणाला ठरवता आलं असतं, त्याच्याकडे काय कमी पडलं – माहिती, अधिकार, खर्चाची मर्यादा की कौशल्य. बहुतेक पानांवर ‘अधिकार’ हाच शब्द येतो. मग किती रकमेपर्यंत कोण सही करणार आणि कोणत्या गोष्टी करून मग कळवायच्या, हे एका पानावर लिहून वाटायचं. त्यानंतर दहा दिवस रजा, फोन बंद. मुलांच्या सुरक्षेसारख्या गंभीर प्रसंगी कुणाला गाठायचं ते नाव आधी ठरलेलं असावं. परतल्यावर काय काय अडलं त्याची यादी संचालकाने करायची नाही, सहकाऱ्यांनी करायची. तीच यादी पुढच्या चार महिन्यांचा अभ्यासक्रम.