ना हरकत पत्र आणि हातचा गेलेला एक सीझन

कोल्हापूरच्या पोरीला महाराष्ट्राकडून हँडबॉल खेळायला परराज्याची परवानगी लागते, हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी हसले असते. कॉलेजसाठी मी दुसऱ्या राज्यात गेले, होस्टेलवर राहिले, त्या राज्याकडून राष्ट्रीय स्पर्धा खेळले. पदवी घेऊन घरी आले तेव्हा जन्म, शाळा, घर, बोली सगळं इथलं. फक्त खेळाडू म्हणून मी तिकडची होते. राज्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. माझ्या मैत्रिणी अजून तिथंच खेळतात आणि त्यांनाही कधीतरी हेच पत्र मागायला जायचंय.

इकडचं सगळं भराभर झालं. आधारवर पत्ता इथलाच, अधिवास प्रमाणपत्र बाबांनी आधीच काढून ठेवलेलं. सरकारी नोकरीतलं 5 टक्के खेळाडू आरक्षण त्यांच्या डोक्यात बसलेलं असतं, त्यामुळे माझी फाइल माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त पाठ. जिल्हा संघटनेचा नोंदणी फॉर्म भरला, फोटो चिकटवले. शेवटच्या पानावर खाली एक ओळ होती: पूर्वी अन्य राज्याकडून खेळला असल्यास त्या राज्य संघटनेचे ना हरकत पत्र जोडावे.

दादा पेठेतल्या तालमीकडून फुटबॉल खेळतो. इथल्या फुटबॉलचा कारभार केएसए, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, बघते. त्याला हे प्रकरण कळेचना. "आमच्यात नाही व्हय पोरं संघ बदलत? केएसएकडं नोंदणी झाली की संपलं." मी म्हटलं, "संपलं काय? शाहू स्टेडियमवर त्याला पुढची दोन वर्षं काय काय ऐकावं लागतं ते?" "ते वेगळं गं. शिव्या बसतात, पण खेळायला तर मिळतंय की." त्या दिवशी मला त्याचा राग आला होता, पण मुद्दा त्याचाच बरोबर होता. शिव्या परवडल्या.

तिकडच्या सचिवांना पहिला फोन केला तेव्हा ते फारच गोड बोलले. पत्र काय, उद्याच पाठवतो, तू आमची मुलगी. नंतर फोन वाजून बंद व्हायला लागला. मग निरोप आला की मेल चालत नाही, लेखी अर्ज हवा. टपालानं अर्ज पाठवला, पोचपावतीसह. (ही पोचपावती जपून ठेवा. पुढं "अर्ज मिळालाच नाही" असं ऐकावं लागलं, तेव्हा शिपायाच्या सहीचा तो चतकोर कागदच कामाला आला.) त्यानंतर म्हणाले, आधी तुझ्या तिथल्या जिल्ह्याची शिफारस लागेल. जिल्हावाले म्हणाले, असा काही नियम नाही, राज्यानं थेट द्यायचं असतं. हे मी राज्याला कळवलं, तर उत्तर आलं की विषय कार्यकारिणीच्या सभेत ठेवू. सभा कधी? अध्यक्ष परगावी आहेत, आल्यावर.

मग ट्रॅकसूट आठवला त्यांना. दोन वर्षांपूर्वीच्या स्पर्धेला दिलेला, गुडघ्यावर विरलेला, पाठीवर राज्याचं नाव असलेला. तो जमा केल्याशिवाय "देणे नाही"चा शेरा मारता येत नाही म्हणे. आईनं तो धुतला, वर इस्त्री केली, आणि कुरिअरवाल्याला बजावून सांगितलं की घडी मोडू नको. मी बघतच राहिले. मला तो बोळा करून पाठवायचा होता.

या सगळ्या दिवसांत सराव सुटू नये म्हणून सकाळी शिवाजी विद्यापीठाच्या आवारात पळायचे आणि संध्याकाळी शाळेतल्या पोरींना शिकवायचे. रात्री मात्र मोबाइल घेऊन बसायचे आणि जगातल्या हँडबॉलमध्ये कोण कोण संघ बदलून खेळलं ते शोधत राहायचे. इथं राज्य बदलताना माझा घाम निघत होता, तिकडं लोकांनी देश बदलले होते. तलांत दुयशेबाएव किर्गिझस्तानात जन्मला, 1992 च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये माजी सोव्हिएत देशांच्या एकत्रित संघातून सुवर्णपदक, 1993 ला रशियाकडून विश्वविजेता, आणि 1996 च्या अटलांटा ऑलिंपिकला स्पेनच्या जर्सीत कांस्य. त्याची मुलंही पुढं स्पेनकडून खेळली. सियारहेइ रुतेन्का मूळचा मिन्स्कचा. 2006 च्या युरोपीय स्पर्धेत सर्वाधिक गोल त्याचे, पण स्लोव्हेनियासाठी. नंतर तो आपल्या बेलारूसकडं परतला. हा मला सगळ्यात जवळचा वाटला, कारण उघड आहे.

आणि बोयाना राडुलोविच! माझ्यासारखीच डावखुरी, उजव्या बॅकला खेळणारी (हँडबॉलमध्ये ही हल्ल्यात उजवीकडून गोलवर फेकायची जागा, तिथं डावखुऱ्या हाताला कोन चांगला मिळतो). सुबोटिकाची, आधी युगोस्लाव्हियाकडून, मग हंगेरीकडून. 2000 च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये रौप्य, 2003 च्या विश्वचषकात 97 गोल करून सर्वाधिक गोलांचा मान, पुन्हा रौप्य. 2000 आणि 2003 अशी दोनदा जगातली सर्वोत्तम खेळाडू. तिचे जुने सामने बघताना मी फाइल विसरायचे.

कतारचं उदाहरण तर लोक नाक मुरडूनच देतात. 2015 चा विश्वचषक त्यांच्याच देशात झाला आणि त्यांच्या संघात क्युबाचा राफाएल कापोते, बोस्नियात जन्मलेला गोलरक्षक दानियेल शारिच, माँटेनेग्रोचा झार्को मार्कोविच असे सगळे. फ्रान्सकडून 2011 ला विश्वविजेता झालेला बेरत्राँ रुआने अंतिम सामन्यात फ्रान्सविरुद्धच कतारकडून उतरला. फ्रान्स 25-22 नं जिंकलं. पैशानं संघ विकत घेतला अशी टीका झाली, आणि ती मलाही पटते. पण मला त्यातला नियम आवडला. नवं नागरिकत्व हवं, आणि जुन्या देशाच्या संघाकडून तीन वर्षं अधिकृत सामना खेळलेला नसावा. संपलं. तीन वर्षं म्हणजे खेळाडूच्या आयुष्यात फार झाली, पण ती मोजता येतात. भिंतीवर कॅलेंडर लावून खोडता येतात. अध्यक्ष परगावाहून कधी येतील ते कुठल्या कॅलेंडरवर खोडायचं?

शेवटी मी स्वतःच गेले. रात्रीची गाडी, सकाळी थेट कार्यालय. कार्यालय म्हणजे स्टेडियमच्या पायऱ्यांखालची खोली. आत धूळ बसलेल्या ढालींचं कपाट, कॅरमचा बोर्ड आणि एक वयस्कर कारकून. साहेब येतील म्हणाले. दुपारपर्यंत साहेब आले नाहीत. मी हलत नाही हे बघून कारकूनकाकांनी चहा मागवला, दार जरा लोटलं आणि खरं काय ते सांगितलं. राष्ट्रीय स्पर्धेच्या प्रवेशिका जाईपर्यंत पत्र देऊ नका, असं वरून ठरलं होतं. उजव्या बॅकला डावखुरी मुलगी त्यांच्याकडे दुसरी नव्हती. तारीख उलटली की मी महाराष्ट्राकडून खेळू शकणार नाही, आणि मग नाइलाजानं त्यांच्याचकडे येईन असा हिशेब.

राग आला, इतका की कप खाली ठेवताना हात थरथरत होता. आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं. चार वर्षं तिथं खेळले तेव्हा "छान खेळलीस" एवढंसुद्धा कुणी म्हटलं नव्हतं. कौतुक करायची ही कसली रीत?

काकांनीच वाट दाखवली. नवा अर्ज लिहायला लावला, त्यात जुन्या अर्जाचा आणि पोचपावतीचा उल्लेख, ट्रॅकसूट जमा केल्याचा उल्लेख, आणि प्रत राष्ट्रीय महासंघाला, अशी खाली ठळक ओळ. माझ्यासमोर आवक क्रमांक टाकून शिक्का मारला आणि दुसऱ्या प्रतीवरही मारून दिला. "आता हे कागद दाबायला अवघड जाईल," म्हणाले. त्यांचं नाव लिहायला मला फार आवडलं असतं, पण त्यांची नोकरी अजून तिथंच आहे.

पत्र आलं. उघडलं तर सही होती, शिक्का होता, जावक क्रमांक नव्हता आणि तारखेची जागा कोरी. जिल्ह्यानं ते परत केलं, आणि त्यांचं चूक नव्हतं. बिनतारखेचं पत्र उद्या कुणीही कशालाही जोडेल. पुन्हा फोन, पुन्हा काका. तारखेसकट पत्र हातात पडलं तेव्हा त्या वर्षीची राज्य निवड चाचणी होऊन गेली होती. चाचणीच्या दिवशी मी मैदानावर गेलेच नाही. दादानं मोटरसायकल काढली, पन्हाळ्याला नेलं, झुणका-भाकर खाऊ घातली आणि वाटेत एकदाही हँडबॉलचा विषय काढला नाही. त्याला हे जमतं हे मला माहीत नव्हतं.

पुढच्या वर्षी चाचणी दिली. निवड झाली. त्यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही; माझं नाव पुकारलं आणि बाबांनी लगेच विचारलं, प्रमाणपत्रावर स्पेलिंग बरोबर येईल ना?

त्यावरून आठवलं: ना हरकत पत्रातलं नाव आधारवरच्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे. माझ्यात वडिलांचं नाव गाळलं होतं, ते तारखेच्या भानगडीत एकदमच दुरुस्त करून घेतलं. जन्मतारीखही तपासा.

कागलची एक मुलगी यंदा बाहेरच्या कॉलेजात चाललीय, तिनं परवा विचारलं तेव्हा तिला हेच सांगितलं. जा, खेळ, पण मिळालेल्या प्रत्येक किटची पावती घे आणि परत करताना पोच घे. पत्र मागायचं ते राष्ट्रीय स्पर्धा संपल्याच्या आठवड्यात, सगळे निवांत असताना. चाचणीच्या तोंडावर मागितलंस तर त्यांना तुझी किंमत कळते. मूळ प्रती दोन घे, एक संघटना ठेवून घेते. आणि डावखुरी असशील तर आणखी लवकर माग. ती म्हणाली, "ताई, मी उजवीच आहे." मग तुला महिनाभरात मिळेल, म्हटलं.