तुम्ही विचारलंत म्हणून: गाडी १९६६ ची, ब्रेक १९७५ चे

"अहो, वर्ष सांगायचं, मॉडेल सांगायचं, पार्ट घरपोच येतात. त्याला आठ महिने कसले?"

गणपतीच्या आरतीनंतर, हळदीकुंकवाला, मराठी शाळेच्या पार्किंगमध्ये, हा प्रश्न मला कुणी ना कुणी विचारतंच. आमच्या गॅरेजमध्ये १९६६ ची फोर्ड मस्टँग आहे आणि तिचे ब्रेक मार्गी लागायला सप्टेंबर ते मे लागले. त्यातले तीन महिने न्यू जर्सीच्या थंडीला द्या, गॅरेजमध्ये पाना हातात धरवत नाही. उरलेल्या पाच महिन्यांचा हिशोब मात्र द्यायला हवा, कारण विचारणाऱ्यांतले निम्मे इंजिनिअर असतात आणि "लागले खरे" एवढ्यावर सोडत नाहीत.

सगळ्यांना वाटतं की इतक्या जुन्या गाडीचे पार्ट मिळत नसतील. मिळतात, धो धो मिळतात. मस्टँग एप्रिल १९६४ मध्ये बाजारात आली आणि एकट्या १९६६ च्या मॉडेलच्या सहा लाखांवर गाड्या निघाल्या. त्यामुळे आजही तिचा जवळजवळ प्रत्येक स्क्रू कुणीतरी नव्याने बनवून विकतंय. पंचाईत वेगळीच आहे. त्या एकाच वर्षी, सहा सिलिंडरवाल्या गाडीला चाकाला चार स्टड (चाक बसवायचे बोल्ट) आणि ९ इंची ड्रम, म्हणजे आतून शू दाबून थांबणारे डबे. आठ सिलिंडरच्या व्ही-८ ला पाच स्टड आणि १० इंची ड्रम. जास्तीचे पैसे मोजणाऱ्याला पुढच्या चाकांना डिस्क, म्हणजे पॅडच्या चिमट्यात धरली जाणारी तबकडी, आणि त्या प्रत्येक चिमट्यात, म्हणजे कॅलिपरमध्ये, चार पिस्टन. म्हणजे नुसतं "१९६६ मस्टँग" म्हणणं म्हणजे पुण्यात उतरून "जोशींचं घर कुठे?" असं विचारण्यासारखं.

माझ्या गाडीचा चेसिस नंबर '६ टी ०७ टी' असा सुरू होतो. ६ म्हणजे १९६६. पहिला टी म्हणजे मटचन कारखाना. ०७ म्हणजे हार्डटॉप बॉडी. दुसरा टी म्हणजे २०० घनइंचाचं सहा सिलिंडरचं इंजिन. हा मटचनचा कारखाना खरं तर आमच्या एडिसनमध्येच होता, रूट वनवर. २००४ मध्ये तो बंद झाला, आता तिथे दुकानं आहेत आणि मी तिथून वाणसामान आणते. गाडी आपल्याच गावची निघाली म्हणून मी भाळले, हे कबूल. भाळलेल्या माणसाने गाडीखाली वाकून बघायचं असतं, ते राहिलं.

कागदावर सहा सिलिंडर, म्हणजे चार स्टड. वाटीसारखं व्हील कव्हर काढलं तर आत पाच नट. बॉनेटखाली व्ही-८ बसवलंय हे घेतानाच माहीत होतं, तेव्हा पाच नटांचं नवल वाटलं नाही. पुढे डिस्क दिसत होत्या. म्हटलं, ठीक, कुणीतरी व्ही-८ चं सगळं सामान चढवलंय. १९६६ चे डिस्क पॅड मागवले. खोका उघडून पॅड कॅलिपरजवळ धरला तर दुसऱ्याच्या चपलेत पाय घातल्यासारखं झालं. पॅड चार पिस्टनच्या कॅलिपरचे, माझ्या गाडीत पिस्टन एकच. एक पिस्टन मस्टँगला १९६८ पासून आला, म्हणून १९६८ चे मागवले. तेही बसेनात. दुकानदाराने दोन्ही वेळा परतीचे पैसे कापले आणि दोन्ही वेळा मलाच विचारलं, "मॅडम, गाडी नक्की कुठल्या सालची?"

मग मी ऑर्डरी बंद केल्या आणि वायर ब्रश घेतला.

बाबांचं कोल्हापूरला उद्यमनगरात छोटं वर्कशॉप होतं. ओतीव पार्टावरचा नंबर वाचता येत नसला की ते त्याच्यावर खडू आडवा फिरवायचे. उंचवट्यांना पांढरं लागतं, खोलगट भाग काळा राहतो, अक्षरं वर येतात. स्पिंडलवरची (चाक ज्यावर फिरतं त्या ओतीव भागावरची) कित्येक वर्षांची ग्रीस आणि माती खरवडून मी खडू फिरवला, आणि 'डी ५' दिसलं. फोर्डच्या पार्ट नंबरात पहिलं अक्षर दशकाचं असतं: सी म्हणजे साठचं, डी म्हणजे सत्तरचं. पुढचा आकडा वर्ष. डी ५ म्हणजे १९७५. पार्ट कधी ओतला हे त्यातून कळत नाही, तो पहिल्यांदा कधी आखला गेला हे कळतं. म्हणून १९६६ च्या गाडीवर 'सी ५' सापडला तर घाबरायचं कारण नाही, पण 'डी' सापडला तर तो उपरा.

हा उपरा आला होता फोर्ड ग्रॅनडामधून. ग्रॅनडा ही सत्तरच्या दशकातली साधी, घरगुती गाडी, तिची आठवण कुणी काढत नाही. पण तिचे पुढचे स्पिंडल आणि ११ इंची डिस्क जुन्या मस्टँगच्या सस्पेन्शनला बोल्टने बसतात. हे इथल्या भंगारवाल्यांना फार आधी कळलं, आणि कित्येक वर्षं लोक ग्रॅनडाचं पुढचं अंग काढून मस्टँगला लावत आले. कुणी नीट लावतात, टाय रॉड एंड (स्टीअरिंगच्या दांड्याची टोकं) बदलून. कुणी आहे तसंच ठोकतात. माझ्या आधीच्या मालकाने, देव त्याचं भलं करो, नीट लावलं होतं. फक्त कुठे लिहून ठेवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या दुकानात गेले आणि म्हटलं, "१९७५ ग्रॅनडा, पुढचे पॅड." दुपारी मिळाले, तेही स्वस्तात. काउंटरवरच्या मुलाने कौतुकाने विचारलं, "तुमच्याकडे ग्रॅनडा आहे?" मी नाही म्हटल्यावर त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला.

पॅड हे सोपं प्रकरण. खरा वेळ खाल्ला मास्टर सिलिंडरने, म्हणजे पेडल दाबलं की ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणाऱ्या पंपाने. १९६६ चा मास्टर सिलिंडर एकाच कप्प्याचा. एक पाइप फुटला की चारही चाकांचे ब्रेक गेले. फोर्डने १९६७ च्या मॉडेलपासून दोन कप्पे केले, पुढच्या चाकांचा वेगळा आणि मागच्यांचा वेगळा. माझ्या गाडीत अजून तोच जुना एक कप्प्याचा होता, आणि तोही ड्रमचा. ड्रमच्या मास्टरमध्ये एक छोटा व्हॉल्व्ह असतो. पाय काढल्यावरही तो लाइनमध्ये साधारण १० पीएसआय दाब धरून ठेवतो, म्हणजे व्हील सिलिंडरचे रबरी कप घट्ट बसून राहतात. ड्रमला ते चालतं, कारण स्प्रिंगा शूला परत ओढतात. डिस्कला परत ओढणारी स्प्रिंग नसते, पॅड घासतच राहतात. गाडी घेतल्यापासून पुढची चाकं हाताला चटका बसेल इतकी का तापत होती, ते तेव्हा उलगडलं.

दोन कप्प्यांचा शोधला तर एकसारखे दिसणारे चार. एकाचा बोअर (आतल्या नळीचा व्यास) १ इंच, दुसऱ्याचा १५/१६. कोल्हापुरी भाषेत अर्ध्या सुताचा फरक. पण दाब क्षेत्रफळावर ठरतो, त्यामुळे तेवढ्याच पायाच्या जोरात बारीक बोअर सुमारे १४ टक्के जास्त दाब देतो, आणि त्या बदल्यात पेडल जास्त खाली जातं. माझ्या गाडीला पायाचा जोर वाढवणारा बूस्टर नाही, म्हणून मी बारीक घेतला. शिवाय पिस्टनच्या मागच्या खळग्याची खोली बघायची असते. बूस्टरवाल्या सिलिंडरचा खळगा उथळ, बिनबूस्टरच्याचा खोल. उथळवाला बिनबूस्टरच्या गाडीत घातला तर पेडलचा दांडा त्यातून निसटू शकतो, आणि मग पाय नुसता हवेत. बाहेरून दोन्ही जुळे भाऊ. मी पेनसिल घालून बघते. पेन्सिलवाल्या बाई म्हणून पेनसिल्व्हेनियात कार्लाइलच्या जुन्या पार्टांच्या जत्रेत एक-दोन विक्रेते आता मला ओळखतात. ती जत्रा म्हणजे पुण्याच्या मंगळवार पेठेतला जुना बाजार, फक्त विमानतळाएवढा. घासाघीसही तशीच चालते, आणि "शेवटचा पीस आहे" हे वाक्यही.

मागच्या चाकांची फजिती मात्र सर्वस्वी माझी. मागे १० इंची ड्रम. शूचे दोन प्रकार: लहान लायनिंगवाला पुढे, लांब लायनिंगवाला मागे. हे पाठ होतं. स्प्रिंगा, तारा, सगळं नवं घेतलं आणि उत्साहात दोन्ही बाजू एकाच दिवशी उघडून एकाच टेबलावर मांडल्या. बाबांनी हे बघितलं असतं तर हातातला पाना फेकला असता. ड्रममध्ये शू आपोआप बाहेर सरकवणारी दातेरी चकती असते. गाडी मागे घेताना ब्रेक दाबला की तार पट्टीला ओढते, पट्टी चकती एक दात फिरवते आणि झिजलेला शू ड्रमच्या जवळ येतो. डाव्या-उजव्या बाजूच्या चकत्यांचे आटे एकमेकांच्या उलट असतात. माझ्या अदलाबदल झाल्या. त्यामुळे रोज सकाळी गाडी मागे घेताना मी ब्रेक दाबायचे आणि चकती इमानेइतबारे शू आत ओढायची. आठवड्याभरात पेडल जवळजवळ तळाला गेलं. पाइपांत हवा राहिली असेल म्हणून तीनदा ब्रेक ऑइल काढलं. शेवटी ड्रम काढून बोटाने चकती फिरवली तेव्हा कळलं. त्या दिवशी मी जेवले नाही म्हणतात घरचे. जेवले होते, पण उशिरा.

पाइप, होज यांवर फार बोलत नाही. फक्त तांब्याचा साधा पाइप ब्रेकला वापरू नका, आणि जुन्या ड्रममधली धूळ हवेने उडवू नका, त्या काळच्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं.

कधी कधी दुसरा प्रश्न येतो, बहुधा माझ्यापेक्षा जास्त गाड्या असलेल्यांकडून: "पण मग हे करेक्ट कसं?" त्यांच्या लेखी करेक्ट म्हणजे १९६६ मध्ये कारखान्यातून निघाली तशी. प्रदर्शनातला परीक्षक माझं बॉनेट उघडून दोन कप्पे बघेल आणि गुण कापेल. कापू दे. ही गाडी मी मुलीला मागे बसवून चालवते.

ऑइल भरून हवा काढताना नवरा पेडलवर आणि मी चाकाखाली. सुरुवात मागच्या उजव्या चाकापासून, कारण तेच मास्टरपासून सगळ्यांत लांब.

"दाब."

"दाबलं."

"धरून ठेव. अरे, सोडू नकोस!"

"सोडलं नाही, पाय घसरला."

शेजाऱ्यांना वाटलं, घरात भांडण चाललंय. तेही थोडं होतंच.

आता ग्लव्ह बॉक्समध्ये मी एक कार्ड ठेवलंय, इंग्रजीत, पुढच्या मालकासाठी. पुढचे पॅड, कॅलिपर, डिस्क: १९७५ ग्रॅनडा सांगा, मस्टँग सांगू नका. मास्टर सिलिंडर: १५/१६, खोल खळगा. मागच्या चकत्या: एका वेळी एकच बाजू उघडा. हँडब्रेकच्या केबलपुढे पेन्सिलने प्रश्नचिन्ह आहे. मूळ केबल सहा सिलिंडरची, अ‍ॅक्सल व्ही-८ चा, आणि आत्ता जी लावलेली आहे ती या दोन्हींपैकी कुणाचीच नाही.