मागचे पाटे आणि चाळकेवाडीचा सडा

आमची महिंद्रा थार जुनी, म्हणजे २०२० च्या आधीची. तिला मागे पाटे आहेत, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग. २०२० नंतरच्या थारला मागे कॉइल, म्हणजे गुंडाळलेल्या तारेच्या, स्प्रिंग आल्या आणि तेव्हापासून पाटेवाल्या गाड्यांकडे लोक बैलगाडीकडे पाहावं तसं पाहतात. मला त्याचं काही वाटत नाही. पाटा तुटला तर पाटणलाही मिळतो, कराडलाही मिळतो, आणि नाहीच मिळाला तर बसवणारा मिस्त्री तरी मिळतोच.

सातारा, ठोसेघर, चाळकेवाडी, पवनचक्क्यांच्या कच्च्या रस्त्याने सडावाघापूर आणि खाली पाटण, असा बेत होता. मुक्काम उघड्यावर, म्हणजे पाणी, शेगडी, तंबू, कॉम्प्रेसर, दोरखंड, डिझेलचा कॅन सगळं आपलं आपण न्यायचं. सोबत मित्राची मारुती जिम्नी. तिला चारही चाकांना कॉइल, पण अ‍ॅक्सल (डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा दांडा) मागेपुढे अखंडच. निघण्याआधी दोन्ही गाड्यांच्या मागच्या बाजूचा सोक्षमोक्ष लावायचा होता. सामान भरलं की थार शेपूट टेकायची, हेडलाइट आभाळाकडे जायचे आणि समोरचा ट्रकवाला डिपर मारून मारून थकायचा.

सातारच्या एमआयडीसीत पाट्यांची कामं करणारे एक मिस्त्री आहेत. गाडी पाहण्याआधीच म्हणाले, "सायेब, लोड सांगा आदी. पाटं मागनं बघू."

मी सामानाची यादी वाचायला लागलो, तर त्यांनी हात वर केला. "यादी नगं. काट्यावर जाऊन या."

स्प्रिंग निवडण्याबद्दल मला मिळालेला सगळ्यात कामाचा सल्ला हाच. आणि साताऱ्यात वजनकाट्याला काय तोटा? जानेवारीचा महिना, उसाचा हंगाम ऐन भरात. काट्यावर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग, मध्ये आमच्या दोन चिमुकल्या गाड्या. काटेवाल्याने आधी चेष्टा केली, मग समजल्यावर स्वतःच उभा राहून गाडी मागेपुढे करवून घेतली. पूर्ण गाडीचं वजन इथे फारसं उपयोगाचं नाही. पुढची चाकं काट्याबाहेर आणि मागची दोन काट्यावर, असं उभं राहायचं. त्या आकड्याशी मागच्या स्प्रिंगचा संबंध. काटा दहा-दहा किलोंच्या टप्प्यानेच आकडा दाखवतो, पण आपल्या कामाला तेवढं पुरतं.

थारचा मागचा अ‍ॅक्सल रिकाम्या गाडीत, लोखंडी बंपर आणि सामानाचे खण बसवण्याआधी, ८२० किलो भरला होता. ती जुनी पावती मी जपून ठेवली होती. बंपर आणि खणांसकट ९४०. प्रवासाचं सगळं सामान आणि मागच्या सीटवर दोघं बसवून ११५०. म्हणजे १२० किलो कायमचे आणि २१० किलो येणारे-जाणारे. पुढचा सगळा निर्णय या दोन आकड्यांच्या फरकावर उभा आहे.

एक गोष्ट तिथेच लक्षात आली. मागच्या बंपरला टांगलेलं वजन अ‍ॅक्सलवर आहे त्यापेक्षा जास्त पडतं. दोन्ही अ‍ॅक्सलमधलं अंतर अडीच मीटर धरा आणि मागच्या अ‍ॅक्सलच्या एक मीटर मागे ५० किलो टांगा. मागच्या अ‍ॅक्सलवर ७० किलो येतात आणि पुढचा अ‍ॅक्सल २० किलोंनी हलका होतो. पाण्याचे कॅन मागे टांगायची फॅशन आहे, फोटो छान येतात. आम्ही ते काढून पुढच्या सीटच्या पाठीशी, खाली जमिनीलगत बांधले. एक रुपया खर्च न करता मागची बाजू उचलली गेली.

आता मिस्त्रींचा हिशोब. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेप लावायचा, रिकामी आणि भरलेली. बंपर-खणांआधीच्या रिकाम्या गाडीपेक्षा पूर्ण भरलेली ६० मिलिमीटर खाली बसत होती. ३३० किलो दोन बाजूंना वाटले तर प्रत्येकी १६५, म्हणजे मिलिमीटरला पावणेतीन किलो. हा पाट्याचा कडकपणा. या हिशोबाने कायमच्या १२० किलोंनीच गाडी २२ मिलिमीटर उतरलेली होती, सामान भरण्याच्या आधीच.

बहुतेकांचा घोळ इथे होतो. उंची आणि कडकपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाट्याची कमान वाढवली की गाडी उचलते, पण किलोमागे ती बसते तेवढीच. कॉइलखाली रबराची किंवा नायलॉनची चकती घातली तरी तेच, उंची मिळते, जोर मिळत नाही. जोर हवा असेल तर धातू वाढवावा लागतो, आणि तिथे थोडासा फरक फार मोठा होतो. पाट्याचा कडकपणा जाडीच्या घनात वाढतो: सातऐवजी आठ मिलिमीटरचा पाटा जवळजवळ दीडपट कडक. कॉइलचं त्याहून तिखट, तिथे तारेच्या जाडीचा चौथा घात. बाकी माप तेच ठेवून १२ मिलिमीटरची तार १३ केली की स्प्रिंग अडतीस टक्क्यांनी कडक. म्हणून "जरा जाड तारेची टाक" म्हणणाऱ्याच्या गाडीत रिकाम्या दिवशी बसून बघावं, पाठीचे मणके मोजता येतात.

मिस्त्रींना मी सरळ विचारलं, दोन पाटे जास्त टाकले तर? म्हणाले, "टाकतो की. पर गाडी रोज ह्येच घिऊन फिरनार का?" नव्हतो फिरणार. वर्षातले बरेचसे दिवस ती ९४० वरच चालते, ११५० वर क्वचित. पूर्ण भाराच्या मापाने पाटे बांधले तर उरलेलं सगळं वर्ष मागची चाकं खड्ड्यात उतरायच्या ऐवजी उडतील, आणि घाटातल्या ओल्या वळणावर उडणारं चाक म्हणजे पकड गेलेलं चाक.

म्हणून ठरलं ते असं. जुने पाटे उतरवून, भट्टीत तापवून, कमान देऊन पुन्हा पाणी चढवायचं, म्हणजे पोलाद परत कडक करायचं. नुसती थंड कमान हातोड्याने मारली तर ती लवकरच पुन्हा उतरते. त्यात सात मिलिमीटरचा एकच पाटा वाढवायचा. गॅसच्या ज्योतीने एकाच जागी तापवून वाकवणारे असतात, त्यांच्याकडे जाऊ नये. तेवढ्या जागेचं पाणी उतरतं आणि पाटा पुढे तिथेच मोडतो. एक पाटा वाढला की पाटे जखडून धरणारे यू-बोल्टही लांब लागतात, जुन्यांवर नट दोन आट्यांवर लटकवून पाठवणारे पाहिले आहेत. पाट्याच्या टोकांच्या रबरी बुशांचे बोल्ट गाडी जॅकवर असताना कसायचे नाहीत, चाकं जमिनीवर आणि गाडीचं वजन पाट्यावर आल्यावर कसायचे, नाहीतर रबर कायमचं पिळलेलं राहतं. मिस्त्रींनी हे न सांगता केलं, म्हणून मी चहा सांगितला.

शॉकअपचा विषय निघालाच. कडक स्प्रिंग दाबली गेली की तितक्याच जोराने परत उसळते आणि ती उसळी आवरायचं काम शॉकअपचं. पाटे एकमेकांवर घासतात, तेवढं ते स्वतःही आवरतात. कॉइल अजिबात नाही. त्यामुळे मित्राने जिम्नीत जाड कॉइल टाकल्या तर शॉकअप बदलणं आलंच. आमचे शॉकअप चालण्यासारखे होते, तसेच ठेवले.

निघालो. समर्थ मंदिरापासून बोगदा, उजवीकडे उरमोडीचं पाणी, सज्जनगडाचा पायथा. गडावर या खेपेला गेलो नाही. बोरणे घाटात थारने पहिल्यांदा समाधान दिलं. पूर्वी भरलेली गाडी वळणात मागून सैल झुलायची, आता एकदाच कलून स्थिर होत होती. ठोसेघरचा धबधबा जानेवारीत नावापुरता, थांबलो ते फक्त भजी खायला.

चाळकेवाडीला पोचलो की पवनचक्क्या सुरू होतात त्या संपतच नाहीत. पलीकडे पाटण तालुक्यात वनकुसवडे, तिथेही त्याच. वारा इतका की भर दुपारी जॅकेट. पवनचक्क्यांची अवजड पाती आणि खांब वर चढवायला केलेले रस्ते आता जागोजागी उखडलेत. जांभ्याची उघडी पाठ, मध्ये मुरूम, मध्ये मोऱ्या. गाडी या वाटेवरच ठेवायची. सड्यावरचा, म्हणजे या खडकाळ पठारावरचा, मातीचा थर बोटभर असतो, पावसाळ्यातली सगळी फुलं त्यावरच उगवतात, आणि तिथे उमटलेली चाकाची खूण वर्षानुवर्षं जात नाही. मोकळं दिसतंय म्हणून गाडी घालणाऱ्यांना माझ्याकडे चांगला शब्द नाही.

इथे आधी टायरची हवा ३२ वरून २२ पीएसआयवर आणली. गाडी आदळते म्हणून स्प्रिंगला शिव्या देणारे निम्मे लोक हवा न काढताच आलेले असतात. मग टेप काढला. सामान भरल्यावर पूर्वी ३८ मिलिमीटर उतरायची ती आता ३० उतरत होती, आणि कमानीमुळे सुरुवातच वरून. चेसिसखालच्या रबराच्या ठोकळ्यापर्यंत भरपूर जागा उरली होती. ती जागा संपली की अ‍ॅक्सल ठोकळ्यावर आपटतो आणि मार सरळ चेसिसला जातो. जिम्नीचं तेच होत होतं. प्रत्येक मोरीला मागून 'धाड्' आवाज आणि मित्राचं तोंड बघण्यासारखं.

एका खचलेल्या मोरीवर गाड्या तिरक्या घालाव्या लागल्या. जिम्नी मऊ, चारही चाकं जमीन शोधत उतरली. थारचं मागचं डावं चाक वीतभर हवेत. वाढवलेल्या पाट्याची ही किंमत. एकाऐवजी दोन वाढवले असते तर चाक किती वर गेलं असतं, याची कल्पना तिथे उभं राहून करता येत होती.

रात्री वाऱ्याच्या आडोशाला मित्राशी त्याच्या स्प्रिंगवर वाद. त्याच्या मनात कॉइलच्या आत बसणारे हवेचे फुगे होते. भार कधीमधीच असेल तर वाईट नाहीत, हवा भरा, हवा काढा. पण दोन्ही फुग्यांना एकच नळी जोडू नकोस, एवढं मी बजावलं. वळणात बाहेरच्या फुग्यातली हवा दाबून आतल्या फुग्यात जाते आणि गाडी उलट जास्त कलते. दोन्हींचे व्हॉल्व्ह वेगळे हवेत. शिवाय फुगलेला फुगा मोरीसारख्या ठिकाणी चाकाला मोकळं उतरू देत नाही. आणि फुगे लावा की पाटे वाढवा, कंपनीच्या पुस्तिकेत लिहिलेली गाडीच्या एकूण वजनाची मर्यादा त्याने वाढत नाही. ब्रेक, टायर, अ‍ॅक्सल तेच राहतात. मागे भारानुसार ब्रेकचा दाब बदलणारा व्हॉल्व्ह असेल तर आणखी एक भानगड: गाडी उचलली की त्याला वाटतं गाडी रिकामी आहे, आणि तो मागचा ब्रेक कमी करतो. तो नव्या उंचीला जुळवून घ्यावा लागतो.

सडावाघापूरचा उलटा धबधबा पाहायला पावसाळ्यात यावं, खालून येणारा वारा पाणी कड्यावरून परत वर फेकतो. आम्हाला कोरडा कडा आणि खालचं खोरं मिळालं, तेही पुरेसं. पुढचा उतार तीव्र. पहिला गिअर, ब्रेकवर पाय कमीत कमी.

पाटणला केरा-कोयनेच्या संगमाजवळ टायरमध्ये हवा भरली आणि पान्याने यू-बोल्ट तपासले. चारपैकी तीन अर्धा-पाव आटा फिरले, नव्या पाट्यांत ते होतंच. टेपवर गाडी आणखी चार मिलिमीटर बसली होती, पाटे आपापल्या जागी बसत होते. मित्राने तिथूनच मिस्त्रींना फोन लावला. कॉइल आपण करत नाही, म्हणाले, पण वजनाची पावती घेऊन या, कोणती मागवायची ते सांगतो. "मधली सांगतील," मी म्हणालो. तो अजूनही सगळ्यात जाड तारेचीच घ्यायच्या मनात होता. त्याच्या मागच्या खणात अजून एक फ्रीज येणार आहे म्हणे.