ओमिक्रॉनचा पहिला शनिवार

शुक्रवारी, 26 नोव्हेंबर 2021 ला जागतिक आरोग्य संघटनेने कोरोना विषाणूच्या नव्या प्रकाराला ‘ओमिक्रॉन’ नाव दिलं आणि शनिवारी सकाळीच आमच्या पुण्यातल्या लॅबच्या ग्रुपवर मॅडमचा मेसेज आला : ‘स्पाइक चालवून बघ, टी पेशींचं काय होतंय.’ म्हणजे विषाणूच्या पृष्ठभागावरचं स्पाइक हे प्रथिन संगणकावर तपासायचं आणि आपल्या प्रतिकारशक्तीच्या टी पेशींना ते अजून ओळखता येईल का, ते बघायचं. दक्षिण आफ्रिकेतल्या शास्त्रज्ञांनी जनुकीय क्रम ‘जिसेड’ या विषाणूंच्या जागतिक संग्रहावर लगेच खुले केले होते, म्हणूनच हे घरबसल्या करता आलं. त्यांचे उपकार विसरण्यासारखे नाहीत.

बातम्यांत सगळीकडे एकच आकडा होता, स्पाइकमध्ये तीसहून जास्त बदल. त्यातले बरेचसे पेशीला चिकटणाऱ्या भागात, म्हणजे नेमके जिथे आपली प्रतिपिंडं बसतात तिथेच. ती भीती खरी होती. पण टी पेशी अख्खं प्रथिन बघत नाहीत. संसर्ग झालेली पेशी विषाणूच्या प्रथिनाचे तुकडे करून एचएलए रेणूंवर (यांचे प्रकार माणसागणिक वेगळे असतात) बाहेर मांडते आणि मारक टी पेशी ते तुकडे तपासतात. हे तुकडे बहुधा नऊ अमिनो आम्लांचे असतात.

स्पाइकमध्ये 1273 अमिनो आम्लं, म्हणजे एकेक जागा सरकत घेतलेले नऊ-नऊचे 1265 तुकडे. एक बदल जास्तीत जास्त नऊ तुकड्यांना धक्का लावतो. शिवाय ओमिक्रॉनचे बरेच बदल एकमेकांना खेटून आहेत, त्यामुळे तेच तुकडे पुन्हा पुन्हा मोजले जातात. तीन चतुर्थांशांहून जास्त तुकडे जसेच्या तसे राहणार, हे सॉफ्टवेअर सुरू करण्याआधीच कागदावर दिसत होतं. कोणता तुकडा कोणत्या एचएलएवर बसेल, हे मात्र डोक्याने सांगता येत नाही. त्यासाठी डेन्मार्कचं नेटएमएचसीपॅन हे अंदाज बांधणारं सॉफ्टवेअर आणि प्रयोगांतून सापडलेल्या अशा तुकड्यांची नोंद ठेवणारा, कॅलिफोर्नियातल्या ला होयाचा आयईडीबी डेटाबेस.

दुपारपर्यंत निकाल आला. ए-02:01 या एचएलए प्रकारावरचा प्रसिद्ध तुकडा, स्पाइकमधल्या 269 ते 277 या जागांचा, शाबूत. ए-24:02 वरचा 448 ते 456 पाहताना मी थबकले : एन-वाय-एन-वाय-एल-वाय-आर-एल-एफ, एकेका अमिनो आम्लाचं एकेक अक्षर. आधीच्या डेल्टा प्रकाराने यातल्या पाचव्या जागचा एल बदलून आर केला होता, 452 वा. ओमिक्रॉनमध्ये तो मूळचा एल जागेवर होता. ए-24 आपल्याकडे बऱ्याच लोकांत सापडतो, म्हणून मला हे मोलाचं वाटलं.

याच तुकड्याने मला या साधनांची मर्यादाही शिकवली आहे. ए-24 तुकड्याला मुख्यतः दुसऱ्या आणि नवव्या जागी धरतो. पाचव्या जागचा बदल त्या पकडीबाहेरचा. तरीही डेल्टाचा तो बदल टी पेशींना चकवतो, असं जपानी संशोधकांनी 2021 मध्ये प्रयोगांतून दाखवलं होतं. तुकडा बसेल का, हे संगणक बऱ्यापैकी सांगतो. टी पेशी त्याला ओळखेल का, हे मात्र रक्ताच्या नमुन्यालाच विचारावं लागतं. दक्षिण आफ्रिकेतल्याच गटाने ते विचारलं आणि 2022 च्या सुरुवातीला उत्तर प्रसिद्ध झालं : लस घेतलेल्या किंवा आधी आजारी पडलेल्या लोकांत 70 ते 80 टक्के टी पेशी प्रतिसाद टिकून होता.

त्या शनिवारी मला खरा घोर वेगळ्याच गोष्टीचा होता. ए-02:01 साठी मोजमापांचा डोंगर आहे, पण भारतात ए-02 गटात 02:11 पुष्कळांत असतो आणि त्याच्या वाट्याला त्यामानाने खूपच कमी मोजमापं आलीत. मोजमाप नसलं की प्रोग्रॅम जवळच्या भावंडावरून अंदाज बांधतो, पण पडद्यावर दोन्ही आकडे सारख्याच ठामपणे उमटतात. आपल्या माणसांबद्दल असा उसना अंदाज वापरणं मला पटत नाही.

म्हणून पेप्टाइडच्या, म्हणजे प्रयोगासाठी बनवून घ्यायच्या तुकड्यांच्या, ऑर्डरीची यादी करताना मी 02:11 आणि ए-33:03 या आणखी एका एचएलए प्रकाराचे तुकडे मुद्दाम वर ठेवले. सोमवारी मॅडमनी यादी वाचली.

“यांच्या आकड्यांवर भरवसा किती?”

“सगळ्यात कमी, मॅडम. म्हणूनच आधी यांचे प्रयोग करू या.”

त्यांनी ए-02:01 चे चार तुकडे खोडले आणि त्या पैशांत 02:11 चे आणखी चार लिहिले.