उजव्या हातातली पानं

रात्रीचा दीड वाजलाय. पुस्तक संपलं आणि झोप उडाली. रडून उडाली असती तर चाललं असतं.

दोन वर्षं वाट पाहिली होती या कादंबरीची. पहिली शंभर पानं छानच होती. तो तिच्या चष्म्याची काच शर्टाच्या टोकाने पुसतो, उजेडाकडे धरून बघतो, पुन्हा पुसतो आणि मगच तिच्या हातात देतो. दोघंही काही बोलत नाहीत. तिथे मी पुस्तक मिटून नुसती बसून राहिले. हेच तर हवं असतं मला या लेखिकेकडून.

मग तो गैरसमज. अर्धवट ऐकलेला एक फोन आणि त्यावरून दीडशे पानं अबोला. एकदा तोंड उघडून विचारलं असतं तर मिटलं असतं. तरी वाचत राहिले, कारण तिने आजवर मला असं वाऱ्यावर सोडलं नव्हतं. उजव्या हातातली पानं कमी होत गेली तसं पोटात कालवायला लागलं. एवढ्यात हे कसं आटपणार? आटपलंच. पाऊस, माफी, लग्न. चार पानांत.

चार पानं!

जेन ऑस्टिनने ‘पर्स्वेजन’ ही कादंबरी जुलै १८१६ मध्ये लिहून संपवली होती. शेवट तिला फिका वाटला. तब्येत साथ देत नसताना तिने तो बाजूला ठेवून पुन्हा लिहिला. नायकाचं, वेंटवर्थचं, ते प्रेमपत्र आलं ते या दुसऱ्या खेपेला. पुढच्या जुलैत ती गेली, पुस्तक छापलेलं तिने पाहिलंही नाही.

मग हिला का नाही वाटलं पुन्हा लिहावंसं? घाई असेल, प्रकाशकाची तारीख असेल. की मीच निबर झालेय? हा प्रश्न काही केल्या सुटत नाही. त्या वर्षी दवाखान्याच्या बाकावर हिचंच पुस्तक... जाऊ दे.

आत्ता उठून तेच जुनं पुस्तक काढलं. भीतभीत मधलंच एक पान उघडलं. तीन ओळींत घसा दाटून आला.

म्हणजे मी आहे तशीच आहे. हे पुस्तक फसलंय, एवढंच. इतकी लिहिली, त्यातलं एखादं तिचंही फसणारच.

मीराने “झालं की लगेच मला” म्हणून सांगून ठेवलंय. देईन. चष्म्याच्या पानाला खूण घालून देईन. पुढचं तिचं तिला वाचू दे.