राईला वाटणीपत्रात जागा

कोकणात वाटपाच्या कामाचा खरा हंगाम गणपतीचा. चाकरमानी घरी आलेले असतात, सगळे सहहिस्सेदार एका छपराखाली सापडतात. लाकडाच्या ठेकेदारांनाही हे ठाऊक असतं. पाऊस सरला की तोड सुरू करायची, म्हणून विसार ते याच दिवसांत देतात. संगमेश्वर तालुक्यातल्या एका घरी मला वकील म्हणून बोलावलं होतं. आदल्या दिवशी गौरी-गणपती गेले होते आणि खळ्यात ठेकेदाराचा माणूस संमतीपत्रांची चळत घेऊन माझ्याआधीच येऊन बसला होता.

घर, कलमांची बाग, थोडी भातखाचरं आणि डोंगराच्या अंगाला अकरा एकर राई. ऐन, किंजळ, जुने बेहडे, रायवळ आंबे. सातबाऱ्यावर ३१ नावं.

रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी जंगल फार थोडं. डोंगरांवर दिसते ती बहुतेक झाडी अशीच खासगी आणि सामायिक. उभं जंगल ठोक भावात विकतात, सरसकट तोड होते, खोडांना फुटवे येतात, आठ-दहा वर्षांनी पुन्हा कुऱ्हाड. ऐन-किंजळ त्यातूनही वर येतात. धनेशाला मात्र घरट्यासाठी ढोली असलेलं, बेहड्यासारखं जुनं, दांडगं झाड लागतं आणि ते काही दहा वर्षांत होत नाही. इतकी वर्षं या दाव्यांत काढून माझं मत असं झालंय की राया जातात त्या सातबाऱ्यामुळे. ३१ जण मिळून राखण करू शकत नाहीत, वणव्याआधी जाळरेषा काढू शकत नाहीत. सही करून पैसे वाटून घेणं तेवढं सगळ्यांना जमतं.

आधी सातबाऱ्यातला ‘इतर हक्क’ हा रकाना बघितला. १९७५ च्या खासगी वने संपादन कायद्यानं अनेकांची झाडीची जमीन ३० ऑगस्ट १९७५ पासून सरकारजमा झाली. तशी नोंद असती तर पुढचं सगळं बोलणंच व्यर्थ होतं. ती नव्हती. मग फेरफार काढले. आजोबा १९७८ साली गेले, वारस म्हणून तीन मुलगे लागले. मी विचारलं, “बहीण नव्हती यांना?”

थोरले काका म्हणाले, “आत्या आहे की. पण ती लग्न होऊन लांज्याला गेली.”

आत्या माहेरच्या गौरीला आलेल्या, माजघरातच होत्या. १९५६ च्या वारसा कायद्यानं वडिलांच्या हिश्श्यात मुलगी वारस होतीच. २००५ पासून तर मुलगी जन्मानंच सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मालमत्तेत मुलासारखीच हिस्सेदार आहे आणि त्यासाठी ९ सप्टेंबर २००५ ला बाप हयात असायला हवा असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० साली स्पष्ट केलंय. म्हणजे पुढच्या पिढीतल्या मुलींचीही नावं तपासणं आलं. ठेकेदाराच्या माणसानं चळत पिशवीत ठेवली, पण तो उठला नाही.

आत्यांना बाहेर बोलावलं. हक्कसोडपत्रावर सही होईल असंच सगळे धरून चालले होते. त्या म्हणाल्या, “घरात नको मला काय. बागेतही नको. राईतलं नाव मात्र सोडणार नाही. वाडीच्या विहिरीला पाणी राईतल्या पऱ्याचं, त्या ओढ्याचं आहे.”

मधल्या काकांचा मुलगा डोंबिवलीहून आला होता. घरात डायलिसिस, डोक्यावर कर्ज. “आत्या, पऱ्यावर माझं बिल भागत नाही,” तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. त्याची गरज बाजूला सारून केलेला कोणताही कागद पुढच्या गणपतीपर्यंत टिकला नसता.

आमच्याकडच्या जुन्या वाटणीपत्रांत शेवटी एक परिच्छेद हमखास असतो: विहीर, पाणंद आणि देवघर सामायिक, त्यांचं वाटप नाही. मी म्हटलं, त्याच परिच्छेदात राई घाला. बाकीचं वाटा. डोंबिवलीच्या पुतण्यानं राईतला आपला हिस्सा मोबदला घेऊन चुलतभावांना सोडावा. भाव? ठेकेदारानं पुऱ्या राईचा जो आकडा दिला होता, निदान त्या हिशेबानं. अशा हक्कसोडीला मुद्रांक शुल्क पडतं, तेही सांगितलं. चुलतभावांनी बरीच घासाघीस केली, चहाचे दोन फेरे झाले, पण आकडा ठरला. ठेकेदाराचा माणूस तेव्हा गेला.

दुपारी पाऊस उघडल्यावर आम्ही राईत गेलो. राखायच्या झाडांना थोरल्या काकांनी गेरूचे पट्टे मारले, मी उतरवून घेत होते. पऱ्याच्या दोन्ही काठांना कुऱ्हाड नाही. बेहडे आणि रायवळ आंबे राखायचे. वाळलं-पडलं सरपण घरोघरी. वरच्या कोपऱ्यातलं तरणं किंजळ गरजेपुरतं विरळायचं, तेही १९६४ च्या वृक्षतोड कायद्याखाली परवानगी काढून. हिवाळा सरताना जाळरेषा. बेहड्याची फळं गोळा करून विकायची. रानातून जपून गोळा केलेल्या मालाला मिळणारं फेअरवाइल्डसारखं प्रमाणपत्र असलेल्या फळांना बरा भाव मिळू शकतो. देखरेखीचं कुलमुखत्यारपत्र दोघांच्या नावे, एक गावातला, एक मुंबईचा.

एक गोष्ट मी दोनदा सांगितली. हा परिच्छेद कायमचं कुलूप नव्हे, उद्या एखादा सहहिस्सेदार कोर्टात वाटप मागू शकतो. त्यावर आत्यांनी विचारलं, “माझ्यामागं माझा मुलगा येणार. तो बंगळूरला. त्यानं मागितलं तर?”

बापाकडून आलेला हिस्सा त्यांच्या संपूर्ण मालकीचा, त्यामुळे मृत्युपत्रानं तो हव्या त्याला देता येतो. साक्षीदार दोन, आणि ज्यांना काही मिळणार त्यांच्यापैकी कुणी नको. गावात राहणाऱ्या धाकट्या भाचीला द्यायचा, हे त्यांनी तिथंच ठरवलं.

वाटणीपत्र नोंदवून झालं, पुतण्याला पैसे पोचले. मृत्युपत्राचा मसुदा माझ्या टेबलावर आहे. सही करण्याआधी मुलाला आपण स्वतः फोन करून सांगणार, तोवर तारीख धरू नका, असा आत्यांचा निरोप आहे.