कुठली भुवई

रात्रीचा दीड. टर्पेंटाइनच्या वासानं डोकं धरलंय.

संध्याकाळी आई आली, चहा स्टुलावर ठेवला, चित्राकडे बघून म्हणाली, "टाके ह्या बाजूला नव्हते गं." बस, एवढंच.

चित्रात मी सात वर्षांची. पिवळा फ्रॉक, मागून बाबांच्या चौकडीच्या शर्टाची बाही. चेहरा आरशात बघून काढलेला, म्हणून माझी टाके पडलेली उजवी भुवई कॅनव्हासवरही उजव्या हाताला आली. बघणाऱ्याला ती चित्रातल्या पोरीची डावी वाटते. हे मला माहीत नाही का? डच चित्रकार रेम्ब्रँटनंही लंडनच्या केनवुड हाउसमधल्या स्वतःच्या चित्रात आधी आरशातल्यासारखेच हात काढले होते, मग बाजू बदलल्या. एक्स-रेत सापडलं ते. आईला हे सगळं ऐकवलं. ती म्हणाली, "असेल. पण तू अशी नाही दिसत."

मग कशी दिसते? आरशातलं हे तोंड मी रोज बघते, पण ते माझ्याशिवाय कुणी ओळखतच नाही. आई ज्या पोरीला ओळखते ती मला फक्त फोटोत भेटते, आणि फोटोत मी मला कधीच आवडले नाही.

उंबऱ्यावर पडले तेव्हा रिक्षात बाबांनी छातीशी धरलं होतं, त्यांच्या शर्टाचा वास अजून आठवतो, असं म्हटलं तर म्हणते, "मी धरलेलं. रक्त थांबेना म्हणून खुंटीवरचा त्यांचा शर्ट ओढला आणि दाबला कपाळाला."

बाबा कुठं होते, ते मी विचारलं नाही. तिनं कप उचलला.

असो. भुवई.

जेवण झाल्यावर नाइफनं खूण खरवडली आणि दुसऱ्या भुवईवर काढली. तर चेहरा भलत्याच कुणाचा झाला. माझं नाक जरा एका बाजूला कललेलं आहे, ते राहिलं जुन्याच बाजूला. म्हणजे एका भुवईपायी अख्खं तोंड उलटं करायचं! रडले चक्क. एवढी वर्षं शिकून स्वतःची भुवई जागेवर बसवता येत नाही, आणि वर निघालेय लहानपण रंगवायला.

आता बघते तर खरवडलेली खूणही पुरती गेलेली नाही. बर्न्ट सिएनाचा तांबूस तपकिरी रंग खाली मुरून बसलाय. सध्या दोन्ही भुवयांवर टाके आहेत. पोरगी दोनदा पडल्यासारखी दिसते आणि तरी मख्ख बसलीय. आई सकाळी चहा घेऊन येईल तेव्हा काय म्हणेल, ते आत्ताच ऐकू येतंय.

बाहीला हात लावलेला नाही. ओली आहे अजून.